रोज बोटभर

दर वर्षी नव्या डॉक्टरांची एक तुकडी आमच्या भागात येते. काही महिने खेड्यात काढल्याशिवाय त्यांना सनद मिळत नाही, म्हणून येते. मग कुणीतरी सुचवतं, त्या म्हाताऱ्याला बोलवा, चार शब्द सांगेल. मला जीपमधून नेतात, हार घालतात, आणि पोरंपोरी समोर बसून घड्याळाकडं बघत असतात. त्यांचा दोष नाही. त्यांच्या वयात मीही तेच करत होतो. प्रास्ताविक करणारा 'सेवा' हा शब्द पाच-सहा वेळा वापरतो, वर 'त्याग'ही म्हणतो, आणि माझं डोकं फिरतं. कसला त्याग अन् कसलं काय! मी खेड्यात राहिलो तो काही ठरवून नव्हे. मी अडकलो. कसा अडकलो ते सांगतो म्हटलं की पोरं जरा माना वर करतात. मग मी त्यांना एका बाईच्या दोन पायांची हकिकत सांगतो. तिथं ती पुरी होत नाही, कारण जेवण थंड होतंय म्हणून संयोजक खुणा करत असतात. इथं पुरी सांगतो.

आमचं घर उमरग्याचं. धान्याची आडत. घरात कानडी, दुकानात मराठी आणि शाळेत उर्दू, त्यामुळं फुशारकी मारायला मला तीन भाषा मिळाल्या होत्या. राज्य निजामाचं. डॉक्टरी शिकायला हैदराबादला गेलेला आमच्या पेठेतला मी पहिलाच, आणि ही गोष्ट वडील गिऱ्हाइकाला त्यानं विचारण्याआधी सांगायचे. हैदराबादेत दवाखाना, बाहेर पितळी पाटी, एवढं त्यांच्या मनात पक्कं होतं. माझी उडी त्याहून लांब होती. मला तिथल्या मोठ्या सरकारी इस्पितळात हाऊस सर्जन व्हायचं होतं. हातात चाकू नसलेला डॉक्टर मला जडीबुटीवाल्यापेक्षा फार वेगळा वाटत नसे.

शेवटच्या वर्षाच्या आधीची उन्हाळी सुट्टी लागायची होती. सर्जरीच्या प्रोफेसरांनी वर्गात एक पत्र वाचून दाखवलं. माकणीच्या बाजूला, तेरणेच्या काठी एका गावात सरकारी दवाखाना होता. तिथले डॉक्टर दर वर्षी कॉलेजला लिहायचे की सुट्टीत एक-दोन विद्यार्थी पाठवा, राहणं-जेवणं माझ्याकडं, शिकण्यासारखं पुष्कळ आहे. दर वर्षी ते पत्र वाचलं जायचं, वर्ग हसायचा आणि पत्र फायलीत जायचं. त्या वर्षी घडी घालता घालता प्रोफेसर म्हणाले की जो जाईल त्याला हाऊस सर्जनच्या नेमणुकीच्या वेळी मी विसरणार नाही. माझा हात झटक्यात वर गेला. माझा सेवाभाव तो एवढाच.

लढाईचे दिवस होते. पेट्रोल मिळत नव्हतं, मोटर कोळशाच्या धगीवर चालायची आणि चढ आला की उतारूंनी खाली उतरून ढकलायची. पुढं बैलगाडी. गावात पोचलो तेव्हा अंगाचा चेंदामेंदा झाला होता आणि तोंडात धूळ करकरत होती. दवाखाना म्हणजे दोन दगडी खोल्या, पुढं लांब ओटा, त्यावर लिंबाची सावली. डॉक्टर ओट्याच्या टोकाशी हात धूत होते. सडपातळ माणूस, मेंदी लावलेली दाढी, घोट्याच्या वर आलेला पायजमा. मूळचे हैदराबादचे, पण वीसेक वर्षं इथंच मुक्काम. बदलीचे हुकूम आले तेवढे त्यांनी अर्ज करकरून परतवले होते. मला त्यांनी पहिल्या दिवसापासून 'मियाँ' म्हटलं. गाव त्यांना थोरले सायेब म्हणायचं. चार दिवसांत मी धाकले सायेब झालो. काही न करता मिळालेली बढती, मी फुगलो.

आता नारू म्हणजे काय हे आजच्या पोरांना ठाऊक नसतं, आणि नसतं ते चांगलंच आहे. त्या काळी आमच्याकडं पाणी बारवेचं. पायऱ्या उतरून जायचं, गुडघाभर पाण्यात उभं राहायचं आणि घागर बुडवायची. त्या पाण्यातून नारूचं बीज पोटात जायचं. वर्षभर काही कळत नसे. मग उन्हाळ्यात पायाला एखादा फोड यायचा, आग आग व्हायची, आणि फोड फुटला की आतून पांढऱ्या सुतासारखा किडा तोंड काढायचा. हात-दीड हात लांब. ती आग थांबवायला माणूस पाय पाण्यात बुडवायचा, म्हणजे बारवेतच, आणि किडा आपलं बीज त्या पाण्यात सोडायचा. की झाली पुढच्या वर्षाची सोय.

यावर औषध नव्हतं. होता तो हातचा उपाय, आणि तो डॉक्टरांनी गावातल्याच एका म्हाताऱ्या न्हाव्याकडून घेतला होता. सकाळी नारूवाले ओट्यावर ओळीनं पाय पसरून बसायचे. डॉक्टर लाकडी तिवईवर बसून एकेकाचा पाय पुढ्यात घ्यायचे, तांब्यानं जखमेवर हळूहळू पाणी सोडायचे, आणि किडा सैल झाला की तो तुरीच्या काडीवर गुंडाळायचे. एक बोट. फार तर एक बोट अन् वर थोडं. जरा ताण लागला की थांबायचं. काडी तशीच पायाला फडक्यानं बांधायची आणि 'उद्या या' म्हणायचं. असे वीस-पंचवीस दिवस. एका किड्यासाठी!

पाणी सोडताना त्यांचं तोंड चालू असायचं. कुठल्या बारवेचं पाणी पिता, कोण भरतं, दुपदरी धडप्यानं गाळता की तसंच ओतता, माहेर कुठलं, म्हैस व्याली का. मला वाटायचं म्हाताऱ्याला गप्पांचा नाद आहे. पुढं कळलं की या गप्पांतून त्यांनी कुठल्या बारवेनं किती पाय खाल्ले हे मनाशी पक्कं केलं होतं, आणि सगळ्यात वाईट बारवेच्या पायऱ्या बंद करून वर रहाट बसवावा म्हणून ते कचेरीच्या मागं लागले होते. पण हे पुढं. तेव्हा मी आठ दिवसांत कंटाळलो. हैदराबादेत मी पोट उघडलेलं बघितलं होतं, आणि इथं सूत गुंडाळत बसायचं? मी तसं एकदा बोललोही. डॉक्टर हसले आणि पुढचा पाय घेतला.

त्या ओळीत एक बाई होती. तिशीची असेल. कोसभरावरच्या वाडीतून काठी टेकत रोज चालत यायची. बोलण्यात ठसका असा की ओट्यावरचे सगळे तिची वाट बघायचे. माझ्या बुटांची पॉलिश, माझा भांग, सगळ्याची तिनं पहिल्याच दिवशी टर उडवली. मी तिला आमच्या उमरग्याच्या सवयीनं अक्का म्हणू लागलो, तर तीही मग ओट्यावर अक्काच झाली. तिचा नारू उजव्या गुडघ्याच्या बगलेला निघाला होता. डॉक्टर तिच्या पायाला इतरांपेक्षा जास्त वेळ द्यायचे. किडा सांध्याजवळ होता, म्हणून. ते मला त्यांनी सांगितलंही होतं. माझ्या कानावरून गेलं.

अक्काची एक गोष्ट सगळ्या शिवाराला ठाऊक होती. तिच्यासारखं चाडं कुणाला धरता येत नव्हतं. पेरताना तिफणीच्या मागं एकजण लाकडी चाडं धरून चालतो आणि मुठीतून त्यात बी सोडत जातो. मूठ सारखी सुटली तर पीक सारखं उगवतं, नाहीतर कुठं दाट, कुठं टक्कल. दिवसभर ढेकळांतून बैलांच्या पावलाशी पाऊल जुळवून चालायचं आणि मुठीचं भान सोडायचं नाही, सोपं काम नव्हे. तिचा नवरा तिफण हाकायचा, ती मागं चाडं धरायची, आणि आपलं रान उरकलं की दुसऱ्यांची बोलावणी यायची. त्या चार दिवसांत वाडीत तिचा थाट असायचा. हे सगळं तिनं मला पाय पुढं करून, डोळे मिचकावून सांगितलं होतं. आणि मृग जवळ आला होता.

त्याच सुमाराला रहाटाच्या कामासाठी डॉक्टरांना कचेरीत बोलावणं आलं. चार दिवस लागणार होते. जाताना गाडीत बसून त्यांनी मला पुन्हा सांगितलं की रोज बोटभर, जास्त नाही, आणि अक्का हट्ट करेल, तिचं ऐकायचं नाही. मी मान डोलावली. मनात म्हटलं, मी काय दूधखुळा आहे?

पहिल्या दिवशी मी बोटभरच गुंडाळला. अक्कानं तोंड वाकडं केलं. दुसऱ्या दिवशी किडा जरा सैल लागला, मी दोन बोटं घेतली, काही झालं नाही. तिनं विचारलं की अजून किती राहिला असेल. मी म्हणालो, असेल वीतभर, दहा-बारा दिवस. तिचा चेहरा पडला. तिनं बोटांवर दिवस मोजले, दोनदा मोजले, आणि म्हणाली,

"सायेब, मृग काय माझ्यासाठी थांबतो व्हय? तुमी तर हैदराबादचं शिकलेले. काढून टाका की सगळा एकदम."

झालं! एवढंच पाहिजे होतं मला. तिसऱ्या दिवशी मी जखम स्वच्छ धुतली, बधिर करायची सुई दिली, बारीकसा छेद घेतला आणि चिमट्यानं किडा धरून ओढायला लागलो. यायलाही लागला. चार बोटं, सहा बोटं. मी कंपाउंडरला हाक मारून दाखवलंसुद्धा. ओट्यावरचे माना उंचावून बघत होते, अक्का 'काढा, काढा' करत होती, आणि मला वाटत होतं की म्हाताऱ्यानं वीस वर्षं इथं उगाच घालवली. तेवढ्यात हात हलका झाला. विहिरीत घागर सोडताना दोर तुटला की होतो तसा.

तुटलेलं टोक आत ओढलं गेलं. मी चिमट्यानं शोधलं, नाही मिळालं. अक्कानं विचारलं, "निघाला का सगळा?"

मी म्हणालो, "हो."

इतकी वर्षं झाली, तो 'हो' मला अजून ऐकू येतो. किडा तुटला ही चूक होती. चुका होतात, सगळ्यांच्या हातून होतात. पण 'हो' ही चूक नव्हती. मी पट्टी बांधली, ती उठली, काठी बगलेत मारून जवळजवळ न टेकता घरी गेली. ओट्यावरच्या दोघातिघांनी मलाही पाय पुढं केले, आमचाबी ओढा म्हणून. मी त्यांना उद्यावर टाकलं.

चौथ्या दिवशी ती आली नाही. पाचव्या दिवशी सकाळी डॉक्टर परतले, कचेरीतून पुढची तारीख घेऊन, आणि त्यांच्या मागोमाग अक्काची बैलगाडी दारात आली. नवऱ्यानं तिला उचलून ओट्यावर ठेवलं. गुडघा दुप्पट झालेला, कातडी तुकतुकीत लाल, अंग तव्यासारखं तापलेलं. तुटलेला किडा आत सडला की असंच होतं. डॉक्टरांनी पट्टी सोडली, छेद बघितला आणि माझ्याकडं वळले. मला वाटलं आता सगळ्यांसमोर माझी चामडी सोलणार. ते ओरडले नाहीत. हळू आवाजात म्हणाले,

"जल्दी किसकी थी, मियाँ? उसकी, या तुमारी?"

मग त्यांनी विचारलं, तिला सांगितलं का? मी नाही म्हणालो. ते म्हणाले, आधी ते करा, मग हात धुवा.

मी तिच्याजवळ बसलो. डोळे वर होत नव्हते. म्हणालो, "अक्का, नारू तुटला. मीच तोडला. आणि खोटं बोललो."

तापात होती तरी तिला सगळं कळत होतं. म्हणाली, "ठावं हाय मला. तुमचं त्वांड बघितलं की म्या त्यादिवशी."

नवरा पुढं आला. साधा माणूस, हात जोडून म्हणाला की आता थोरल्या सायबांनीच बघावं. त्यात गैर काही नव्हतं. मीही मनातून तेच मागत होतो, सुटलो असतो. पण अक्का ऐकेना. त्या भागात समजूतच तशी होती की नारू ज्यानं हातात घेतला त्यानंच शेवटाला न्यायचा, मधे हात बदलायचा नाही. मी ती आधी ऐकली होती आणि अडाणीपणा म्हणून हसलो होतो. आता विचार केला तर कळतं की त्यात खुळं काही नव्हतं. काल किती ताण लागला हे ज्या हाताला ठाऊक, त्यालाच आज किती घ्यायचं ते कळणार. अक्का एवढं सगळं बोलली नाही. माझ्याकडं बोट करून एवढंच म्हणाली की यांनी तोडला, आता हेच बघतील. डॉक्टर बाजूला सरले आणि माझ्यासाठी तिवई मोकळी केली.

पुढचे वीस दिवस मी तिच्या गुडघ्यापाशी काढले. डॉक्टरांनी सल्फाच्या गोळ्यांचा जपून ठेवलेला शेवटचा डबा काढला. लढाईच्या दिवसांत एरवी त्या औषधाचं तोंडही दिसत नव्हतं. जवसाची पोटिसं बांधली. दोनदा पू काढला. दोन्ही वेळा चाकू माझ्याच हातात होता, पण आता मला त्याची काही मिजास वाटत नव्हती. डॉक्टर मागं उभे राहून इथं, एवढंच, बास, असं सांगायचे. मी देवाला न मानणारा झालो होतो हैदराबादेत, तरी त्या दिवसांत गळ्यातल्या इष्टलिंगाला सारखा हात जायचा. ताप उतरला. जीव वाचला. गुडघा मात्र वाकलेला होता तिथंच धरला. तेल लावून आम्ही तो रोज सरळ करायला बघायचो, ती दात आवळून पडून राहायची, पण हाडाशी हाड बसलं ते बसलंच.

इथवर आलो की दर वर्षी एखादी पोरगी विचारते, सर, तुम्हाला काही शिक्षा झाली नाही? नाही झाली. कॉलेजला कुणी कळवलं नाही, वाडीतून कुणी शिवी दिली नाही. उलट तिच्या नवऱ्यानं एकदा हुरड्याच्या दिवसांत यायचं आमंत्रण दिलं. शिक्षा झाली असती तर मी ती भोगून मोकळा झालो असतो.

पाऊस झाला, पेरण्या सुरू झाल्या. माझी सुट्टी संपत आली होती. एका सकाळी मी वाडीवर गेलो. अक्काच्या रानात तिफण चालू होती. नवरा हाकत होता आणि मागं चाडं धरून वाडीतलीच दुसरी बाई चालली होती. अक्का बांधावर बसली होती, वाकडा पाय पुढं टाकून. मूठ सैल सोड, पाऊल मागं राहातंय, वळणावर थांब, असं ती तिथून सांगत होती. ती बाई बिचारी जीव तोडून करत होती, पण सरी बिघडत होत्या, आणि ते मला दिसत होतं म्हणजे अक्काला किती दिसत असेल. मी शेजारी बसलो. तिनं माझ्याकडं बघितलं नाही. तिची उजवी मूठ मांडीवर आपोआप उघडत-मिटत होती. मला रडू आवरेना. त्यावर ती म्हणाली की सायेब, डोळे पुसा, बैलं बुजतील. आणि पुन्हा रानाकडं बघायला लागली.

मी हैदराबादला परतलो. वर्षभर अभ्यासात डोकं घातलं. मित्रांना त्या सुट्टीचं काही सांगितलं नाही. विचारलं तर म्हणायचो, नुसती धूळ. परीक्षा झाली, वरच्या नंबरानं पास झालो. प्रोफेसरांनी शब्द पाळला. मोठ्या इस्पितळाचं पत्र हातात पडलं, हजर व्हायची तारीख वीस दिवसांनंतरची. मधल्या दिवसांत उमरग्याला आलो. घरी पुरणपोळ्या झाल्या, वडिलांनी ते पत्र खिशात घालून सगळी पेठ पालथी घातली. चार दिवसांनी मी म्हणालो, तेरणेकडं एकदा जाऊन येतो, म्हाताऱ्या डॉक्टरांना नमस्कार करतो, उद्या संध्याकाळी परत. नमस्कार खरा होता. पण अक्का कशी आहे ते मला विचारायचं होतं, आणि शक्यतो तिला न भेटता विचारायचं होतं.

सकाळी पोचलो तर ओट्यावर तशीच ओळ. रहाट अजून झाला नव्हता. डॉक्टर तिवईवर बसलेले. त्यांच्यापासून तिसरी अक्का. उजवा पाय तसाच वाकडा, आणि डाव्या पायाच्या घोट्यावर फुटलेला फोड, त्यातून पांढरं टोक. गेल्या उन्हाळ्यात, मी इथं असतानाच, ते पाणी तिच्या पोटात गेलं होतं.

तिनं मला बघितलं. भिंतीला धरून उठली, वाकड्या पायानं उडी मारल्यासारखी दोन पावलं सरकली आणि मी उभा होतो तिथं माझ्यासमोर खाली बसली. डावा पाय पसरला. ठसका कुठं गेला होता कुणास ठाऊक. म्हणाली,

"ह्यो तरी सरळ ऱ्हाऊ द्या, सायेब."

मी डॉक्टरांकडं बघितलं, सोडवा म्हणून. ते तांब्यातल्या पाण्याकडं बघत होते. मी तिला सांगितलं की मी फक्त आजच्यापुरता आलोय, उद्या जाणार. तिनं पाय मागं घेतला नाही. ज्या हातानं तिचा एक पाय घालवला त्याच हातात ती दुसरा देत होती, आणि तिच्याकडं तेवढा एकच उरला होता. मी नवा कोट काढून खुंटीला अडकवला, बाही दुमडली आणि पाणी सोडायला लागलो. बोटभर आला. ताण लागला. थांबलो.

दुसऱ्या दिवशी म्हटलं, आजचा एक दिवस. तिसऱ्या दिवशीही तेच म्हटलं. आठव्या दिवशी वडिलांचा निरोप आला, बाराव्या दिवशी ते स्वतः आले. त्यांनी डॉक्टरांना नमस्कार केला, मला बाजूला घेऊन चांगलं फैलावर घेतलं, अक्कल गहाण टाकलीस का म्हणाले. मी म्हणालो, अप्पा, निम्मा निघालाय. आता सोडता येत नाही. ते ओट्यावर बसून थोडा वेळ बघत राहिले आणि मग गाडी जोडायला सांगितली. मी इस्पितळाला लिहिलं की पंधरा दिवस उशिरा येऊ द्या. उत्तर आलं ते दोन ओळींचं, जागा दुसऱ्याला दिली असं. मी ते डॉक्टरांना वाचून दाखवलं. मला वाटलं आता तरी काही म्हणतील, शाबास तरी, नाहीतर मूर्ख तरी. ते म्हणाले, चाय थंडी हो रही है मियाँ.

राग आला होता मला, खोटं कशाला सांगू? जागेचा आला, डॉक्टरांचा आला, अक्काचाही आला. त्या रागातच मी रोज सकाळी तिच्यासमोर बसत होतो. पण पाणी सोडताना हात हळू चालायचा. आणि तोंडही चालायला लागलं. कुठलं पाणी पिता, गाळता का, म्हैस व्याली का. आपण डॉक्टरांसारखं बोलतोय हे एकदम ध्यानात आलं आणि माझं मलाच हसू फुटलं. अक्कानं विचारलं, काय झालं? मी म्हटलं, काही नाही, पाय हलवू नका.

सव्विसाव्या दिवशी शेवटचं टोक आलं. अख्खा किडा, कुठं तुटला नाही. मी तो काडीवरून सोडून ओट्यावर लांब करून दाखवला, नीट बघा म्हणालो, हे तोंड, हे शेपूट. तिनं खाली वाकून खरंच नीट बघितला. या खेपेला तिनं 'निघाला का सगळा' असं विचारलं नाही. मग तिनं डावा पाय गुडघ्यात दुमडला, सरळ केला, पुन्हा दुमडला. चाडं तिला आता कधी धरता येणार नव्हतं, ते तिला ठाऊक होतं आणि मला ठाऊक होतं. पण तो पाय सरळ होता.

मी हात धुवायला उठलो. ती भिंतीला धरून उभी राहिली, पदर सावरला, आणि निघता निघता वळली.

"माझ्या जावंलाबी निघालाय. उद्या आणते तिला. तुमी हायेत न्हवं उद्या?"

मी हात पुसत होतो. खुंटीवर महिनाभर लटकून त्या कोटावर धुळीचा थर बसला होता.

"आहे," मी म्हणालो.